एल्डन सांगेल त्याच्या उलट

माझा भाऊ एल्डन हौगेन हा एक नंबरचा खोटारडा, आणि हे मी, त्याची सख्खी थोरली बहीण, सांगते आहे. बाकी कशात नाही हं. कुणाचं छप्पर गळत असेल आणि एल्डन म्हणाला असेल "शनिवारी येतो", तर शनिवारी सकाळी सातला शिडी खांद्यावर घेऊन गडी दारात हजर. कागदाच्या लगद्याच्या गिरणीत बत्तीस वर्षं काढली, एकदाही आजाराची खोटी सुट्टी घेतली नाही. आमच्या आईला शेवटी उठता-बसता येईना तेव्हा तिचं सगळं त्यानंच केलं, मी नाही. खोटं बोलायचा तो फक्त मासेमारीच्या माश्यांबद्दल. पण त्यात इतकं बोलायचा की बाकीचं सगळं आयुष्य त्याखाली झाकून गेलं.

माशी म्हणतात खरं, पण माशीसारखं त्यात काही नसतं. गळावर पिसं, सशाची फर, अस्वलाचे केस, चकाकता दोरा असलं काहीबाही बांधायचं आणि ते पाण्यात सोडून कोहोला, म्हणजे आमच्याकडच्या सॅमन माशाला, डिवचायचं. डिवचायचंच. कारण कोहो समुद्रातून नदीत शिरला की खात नाही. त्याचं पोट आक्रसलेलं असतं, तो वर चाललेला असतो अंडी घालायला आणि मरायला. तो माशीवर येतो तो रागानं. आता त्याला राग कशाचा येईल, हे ज्याला कळलं तो आमच्या गावात मोठा माणूस. पाद्र्यापेक्षा मोठा.

एल्डनला ते कळायचं. भरतीबरोबर नुकताच आत आलेला, अंगावर अजून समुद्रातल्या उवा असलेला चंदेरी कोहो असेल तर भडक गुलाबी. पाऊस होऊन नदी चहासारखी झाली असेल तर काळी-जांभळी, चांगली बोटभर लांब. आणि पाणी उतरून नितळ झालं, थंडी पडली, मासे आठवडाभर डोहात पडून आंबट तोंडाचे झाले, की मग काय बांधायचं ते एकट्या एल्डनला माहीत. त्या पाण्यात बाकीच्यांच्या गळाच्या काठ्या नुसत्या हलायच्या. गावाच्या वर दोन मैलांवर ओंडक्याचा डोह आहे. एक भलामोठा सीडर वृक्ष आडवा पडलाय, त्याच्या सावलीत शंभर-शंभर कोहो उभे राहतात. ऑक्टोबरच्या मध्यावर, नितळ पाण्यात, त्या डोहातून मासा काढायचा तो एल्डननं. दुसऱ्या कुणाची माय व्याली नव्हती.

आणि विचारायची सोय नाही. आमच्याकडे "कशावर लागला?" असं विचारणं म्हणजे बाईला वय विचारण्यासारखं. तरी विचारलंच, तर समोरचा खोटं सांगणार हे ठरलेलं. त्याचा राग कुणाला येत नाही, ती रीतच आहे. पाण्यातून बाहेर यायच्या आधी खरी माशी कापायची, खिशात टाकायची, दोरीला दुसरीच कुठली तरी रंगीत बाहुली अडकवायची आणि मग रस्त्यावर यायचं. दुसऱ्याच्या काठीकडे टक लावून बघायचं नाही. पाचवीतल्या पोरांनासुद्धा हे माहीत असतं.

माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. लॉर्न सस्कॅचेवानचा, गव्हाच्या सपाट मुलखातला. तिथं पाणी म्हणजे गुरांचं तळं. गिरणीत नोकरीला आला, माझ्याशी लग्न केलं आणि नदीच्या नादाला लागला. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं एल्डनला सरळ विचारलं, "ओंडक्याच्या डोहात काय बांधतोस रे?"

"जांभळी," एल्डन म्हणाला. माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हातचा मूसच्या मांसाचा रस्सा ओरपत. "मोठी. जितकी मोठी तितकी बरी."

लॉर्ननं हिवाळाभर बसून चाळीस जांभळ्या माश्या बांधल्या. टेबलाला पकड अडकवलेली, नाकावर चष्मा, जिभेचं टोक बाहेर. मी म्हणत होते, "अरे, तो माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला." तर म्हणे, "मेहुण्याला कशाला फसवेल?" पुढचा सबंध मोसम नदी काचेसारखी. चाळीसच्या चाळीस जांभळ्या त्यानं त्या डोहावर झिजवल्या, आणि मासे बाजूला होऊन त्यांना वाट करून देत होते. नाताळात एल्डननं ही गोष्ट सगळ्या टेबलाला सांगितली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. लॉर्नही हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी लेफ्से, आमच्या बटाट्याच्या पोळ्या, भाजत होते, एक तिथंच करपली.

त्यानंतर लॉर्न शहाणा झाला. म्हणजे त्याला वाटलं की झाला. एल्डन सांगेल त्याच्या उलट बांधायचं, असा त्यानं नेम केला. एल्डन मोठी म्हणाला की हा बारीक, तो गुलाबी म्हणाला की हा काळी. एल्डनलाही ते कळलं, मग तो कधी उलट, कधी उलटाच्या उलट सांगायला लागला. तीसेक वर्षं हा खेळ चालला. दोघं एकाच ट्रकमधून नदीवर जायचे, एकाच थर्मासमधली कॉफी प्यायचे, एकमेकांसाठी जीव टाकायचे, आणि माशीबद्दल एक अक्षर खरं बोलायचे नाहीत. लॉर्नला खाली खाडीच्या तोंडाशी मासे मिळायचे, तिथं काय, कुणालाही मिळतात. ओंडक्याच्या डोहात एकही नाही. तीस वर्षांत एकही नाही हो. बाहेरचे लोक म्हणतील, एका माशाचं काय एवढं. त्यांना काय कळणार!

मग लॉर्नची फुप्फुसं गेली. गिरणीची देणगी. उन्हाळ्यात नाकात नळी आली, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं आलं, आणि सप्टेंबरात डॉक्टरीणबाई मला बाहेर नेऊन म्हणाली की नाताळ धरून चालू नका. लॉर्नला सांगायची गरजच नव्हती. तो खिडकीत बसून नदीकडे बघायचा. एके दिवशी म्हणाला, "व्हर्ना, मला त्या डोहातला एक हवाय. एकच. हातात धरायचा आणि सोडून द्यायचा."

सोडायचाच असतो म्हणा. तिथले मासे नदीतच जन्मलेले, पाळीव पैदाशीचे नाहीत, त्यांना घरी आणायला बंदी. त्याला खायचा नव्हताच. त्याला फक्त त्या माशाचं वजन एकदा आपल्या हातात हवं होतं. मला रडू आलं, मग रागही आला. इतक्या वर्षांत हे एक मागणं, आणि ते पुरवणारा माणूस माझ्याच रक्ताचा, आणि तो हरामखोर तोंड उघडत नाही.

मी एल्डनकडे गेले. दारातच म्हटलं, "ऐक. त्याच्याकडे दिवस नाहीत. तुझी ती माशी त्याला दे. खरी."

तो बूट पुसत होता, पुसतच राहिला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला नदी इतकी नितळ की तळाचे गोटे मोजावेत. सकाळी एल्डन आला, टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्यानं लॉर्नसमोर टेबलावर एक माशी ठेवली.

काय सांगू तिचं ध्यान! करंगळीच्या नखाएवढी. मळकट तपकिरी लोकरीचं अंग, वर मोजून दहा-बारा केस, चमक नावाला नाही. झाडू मारताना कोपऱ्यातून निघावं तसलं काहीतरी. ओंडक्याच्या डोहातल्या बारा-बारा पौंडाच्या कोहोंना ही?

"ही बांध," एल्डन म्हणाला. "दोरी सैल सोड, नुसती वाहू दे. ओढायची नाही. शेवटी फक्त दोनदा चिमटीनं हलकेच. खरं सांगतोय, लॉर्न."

"हो का?" लॉर्न म्हणाला.

"खरंच सांगतोय." आणि तो लाल झाला. पाऊणशेला टेकलेला माणूस, कानापर्यंत लाल. "मी ट्रक गरम करतो," म्हणाला आणि बाहेर पळाला.

लॉर्ननं ती माशी तळहातावर घेतली, उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारलं, "तुझा भाऊ आहे. तुला त्याचं तोंड वाचता येतं. खरं बोलतोय का गं?"

आता हे मी जसं घडलं तसंच सांगते. मी सिंकशी होते. थर्मास भरत होते, त्याच्या गोळ्या डबीत टाकत होते, दुसरं नळकांडं कुठं ठेवलं ते आठवत होते. मी वळलेसुद्धा नाही. एल्डनचं तोंड मी नीट बघितलंच नव्हतं. त्याचे लाल कान तेवढे कडेनं दिसले होते, आणि मला वाटलं, लाज वाटतेय मेल्याला, मरणाऱ्या माणसालाही फसवतोय म्हणून. त्या चाळीस जांभळ्या माझ्या डोक्यात बसल्या होत्या. लॉर्ननं माफ केलं होतं, मी नव्हतं केलं.

मी म्हटलं, "एल्डन आणि खरं? कुत्र्याचं शेपूट ते. तो शवपेटीत पडूनसुद्धा खोटं बोलेल."

लॉर्न हसला. हसता हसता खोकला आला, नळी नीट करावी लागली. मग त्यानं ती तपकिरी माशी टोपीच्या कडेला खोचली आणि आपल्या डबीतून एक चांगली मोठी, झगमगीत गुलाबी काढली. एल्डन सांगेल त्याच्या उलट. बोटं थरथरत होती म्हणून गाठ मीच मारली. हो, मीच.

डोहावर आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. गुडघाभर पाण्यात उभा राहिला, नळकांडं मी काठावर धरून बसले, नळी माझ्यापासून त्याच्यापर्यंत. समोर कोहो उड्या मारत होते. पाठी हिरवट, कुशी लालसर होऊ लागलेल्या. ओंडक्याच्या सावलीत पाणी नुसतं हलत होतं त्यांनी. एल्डन मुद्दाम लांब, वळणापलीकडच्या दगडावर जाऊन बसला. पाठ करून. दुसऱ्याच्या काठीकडे बघायचं नाही ना!

लॉर्नची फेक सुरेख होती. शेवटपर्यंत सुरेख होती, हे मी कुणालाही सांगेन. गुलाबी माशी बरोबर ओंडक्याच्या टोकाशी पडली, आणि मासे फुटले. दोन बाजूंना, मधे मोकळी जागा सोडून. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या फेकीला ते सगळेच्या सगळे पलीकडच्या काठाखाली सरकले आणि तिथं खाली मान घालून बसले. तो टाकत राहिला. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी ओरडले, "पुरे, लॉर्न!"

माझी हाक ऐकून एल्डन धावत आला. दोघांनी त्याला घडीच्या खुर्चीत बसवलं. एल्डननं पडलेली काठी उचलली आणि दोरीच्या टोकाला लटकणारी गुलाबी त्याला दिसली. मग त्यानं लॉर्नच्या टोपीकडे बघितलं.

मी माझ्या भावाला आई गेली तेव्हा रडताना बघितलंय. तेव्हाही त्याचं तोंड असं झालं नव्हतं.

"अरे," तो म्हणाला, "अरे, मी खरं सांगितलं होतं ना."

 त्यानं टोपीतली माशी उपसली, स्वतःच्या काठीला बांधली, दात दाबून, घाईघाईनं. पाण्यात गेला. मी म्हटलं, "एल्डन, नको," पण त्याचं लक्ष नव्हतं. पहिली फेक, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या फेकीला त्यानं दोरी सैल सोडली, माशी वाहत वाहत पलीकडच्या काठाखाली गेली, त्यानं चिमटीनं दोनदा हलकेच हलवली, आणि काठी वाकली. चक्री किंचाळायला लागली. एवढा थोरला कोहो बाहेर उडाला आणि धपकन पडला.

एल्डन तसाच मागे मागे चालत काठावर आला आणि काठी लॉर्नपुढे धरली. "धर! धर ना, लॉर्न. दमलाय तो, आता येईल. तुझाच आहे."

लॉर्नचे हात मांडीवर होते. त्यानं ते उचलले नाहीत.

"तू लावलास, एल्डन," तो म्हणाला. "तुझा आहे तो."

"धर रे, पाया पडतो तुझ्या."

"नाही."

दुसऱ्यानं लावलेला मासा ओढायचा नसतो, ही पण आमची रीत. सस्कॅचेवानहून आलेला माणूस, तीस वर्षांत आमच्यापेक्षा आमचा झाला होता. एल्डननं मासा आणला, उथळ पाण्यात गळ काढला, सोडला. मग ती माशी लॉर्नच्या काठीला बांधून घेऊन आला. लॉर्ननं उठायचा प्रयत्न केला. खरंच केला. अर्धा उठला आणि परत बसला, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

ट्रकमध्ये मी दोघांच्या मधे बसले होते. पुलाजवळ एल्डननं विचारलं, समोर रस्त्याकडे बघत, "का नाही बांधलीस?"

 लॉर्ननं सांगितलं असतं तर चाललं असतं मला. चाललं असतं कसलं, त्यानं सांगावं असंच मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सवय, एल्डन," तो म्हणाला. "तुझं ऐकायची सवयच नाही राहिली."

 दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं ठरलं होतं. पहाटेपासून पाऊस लागला तो तीन आठवडे. नदी दुथडी भरून, ओंडक्याचा डोह कुठाय ते दिसेना. नऊ नोव्हेंबरला लॉर्न गेला.

याला आता सहा वर्षं झाली. एल्डननं त्या दिवसापासून खोटं सोडलं. मर्लबाईच्या गळ-दोरीच्या दुकानात, पेट्रोलच्या पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला खरं सांगतो. "नितळ पाण्याला तपकिरी, बारीक, आठ नंबरचा गळ, दहा-बाराच केस." खिशातून काढून दाखवतो, फुकट वाटतो. लोक घेतात, हसतात, पाठ फिरली की टाकून देतात. मर्ल म्हणते, "म्हातारा आता नवीनच डाव खेळायला लागलाय." तरणी पोरं अजूनही मोठी गुलाबी घेऊन डोहावर जातात आणि हात हलवत परत येतात. गावातला सगळ्यात खरा माणूस झालाय, आणि कुत्रं विचारत नाही.

रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. जेवतो थोडं. मग ताट बाजूला सारून तेच विचारतो, सहा वर्षं तेच. गेल्या रविवारीही विचारलं.

"व्हर्ना, तू तिथं होतीस स्वयंपाकघरात. मी बाहेर गेल्यावर तो काय म्हणाला गं? एवढं तोंड लाल करून सांगितलं होतं मी. त्याला थोडंसुद्धा खरं वाटलं नाही?"

मी भांडी घासत होते. दर वेळी ठरवते, आज सांगायचं. तो आता ऐंशीचा आहे, मी त्र्याऐंशीची, किती रविवार उरलेत? हात पुसून समोर बसायचं आणि सांगायचं की त्याला वाटलं होतं रे, निम्मं वाटलं होतं, म्हणूनच त्यानं मला विचारलं. एवढंच तर वाक्य आहे.

"काही नाही म्हणाला," मी म्हटलं. "नुसता हसला आणि टोपीत खोचली."

एल्डननं मान डोलावली. मी बोललेलं त्याला खरं वाटलं.